खुर्च्यांची पुस्तकं

"भावोजी, एवढी खुर्च्यांची पुस्तकं आणलीत, बसायला एक तरी खुर्ची आणायची!"

वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या आणि ट्रे ठेवायला जागा नव्हती. दिवाणावर खोकी, टीपॉयवर खोकी, आणि खिडकीपाशी असलेल्या एकुलत्या एका वेताच्या खुर्चीवर वॉलेस नटिंगच्या 'फर्निचर ट्रेझरी'चे जाडजूड खंड. पेन्सिल्व्हेनियातला बावीस वर्षांचा पसारा आवरून पुण्याला परतताना मी पलंग विकला, गाडी विकली, भांडी वाटून टाकली. पुस्तकं मात्र अकरा खोक्यांत भरून बोटीने मागवली. त्यातली सात खोकी एकाच विषयाची. जुन्या अमेरिकेतल्या सुतारांनी, कुंभारांनी, लोहारांनी, विणकरांनी आणि घरोघरच्या बायकांनी केलेल्या वस्तूंची सचित्र पुस्तकं. वहिनी हसत बोलल्या, मीही हसलो. पण ते वाक्य दाताच्या फटीत अडकलेल्या सुपारीच्या खांडासारखं राहिलं. जीभ पुन्हा पुन्हा तिथंच.

टोचलं ते एवढ्यासाठी, की त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. बावीस वर्षं मी लँकेस्टर काउंटीपासून गाडीने अर्ध्या तासावर राहिलो. रस्त्याकडेला जुन्या वस्तूंची दुकानं, शनिवारी लिलाव, आणि मी एकही वस्तू घेतली नाही. पैसे नव्हते, हे उत्तर सोपं आहे आणि अर्धवट आहे. रंग उडालेली, पाठीच्या दोन काड्या बदललेली विंडसर खुर्ची माझ्याही खिशाला परवडली असती. एकदा अगदी जवळ आलो होतो. दुकानदार म्हणाला, बसून बघा. बसलो, उठलो, आणि घरी येऊन तिच्याविषयी पुस्तकात वाचत बसलो.

पुस्तकं जमवण्यात पराक्रम काहीच नव्हता. तिथल्या गावोगावच्या लायब्रऱ्या वर्षातून एखाद-दोनदा नकोशी झालेली पुस्तकं विकायला काढतात. शेवटच्या दिवशी पिशवीचा भाव असतो. आमच्याकडे पाच डॉलरला एक कागदी पिशवी, मावतील तेवढी पुस्तकं. सचित्र पुस्तकं जड, आडव्या आकाराची, पिशवी फाडणारी. म्हणून ती शेवटच्या दिवसापर्यंत टेबलावर पडून राहत आणि माझं फावत असे. शिवाय न्यूयॉर्कच्या डोव्हर प्रकाशनाची स्वस्त पुनर्मुद्रणं होतीच. वर साधं कागदी आवरण, पण आत फर्मे दोऱ्याने शिवलेले, त्यामुळे पन्नास वर्षांनीही पान सुटत नाही. एडवर्ड आणि फेथ अँड्र्यूज या दांपत्याचं शेकर पंथाच्या फर्निचरवरचं १९३७ सालचं पुस्तक मला असंच दीड डॉलरला मिळालं. शेकरांच्या त्या सडसडीत खुर्च्या आणि भिंतीवर रांगेने ठोकलेल्या खुंट्या आता इतक्या ठिकाणी दिसतात की त्यांच्यावर वेगळं लिहायला नको.

या सात खोक्यांची मी मनात एक जुनी वाटणी करून ठेवली आहे: नोंदीची पुस्तकं आणि निवाड्याची पुस्तकं. नोंदीचं पुस्तक सांगतं, वस्तू अशी आहे. निवाड्याचं पुस्तक सांगतं, ही वस्तू त्या वस्तूपेक्षा सरस आहे. माझं प्रेम नेहमीच पहिल्या गठ्ठ्यावर. दुसऱ्याकडे मी जरा नाक मुरडूनच बघत आलो.

नोंदीच्या पुस्तकांची गंगोत्री म्हणजे 'इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन'. १९३५ साल, मंदीचे दिवस. सरकारने बेकार चित्रकारांना काम द्यायचं ठरवलं. कुणाला पोस्ट ऑफिसच्या भिंती मिळाल्या, कुणाला शाळांच्या. पण जाहिरातींची, कॅटलॉगांची चित्रं काढून पोट भरणाऱ्या, भिंतीएवढी कल्पना न झेपणाऱ्या चित्रकारांचं काय करायचं? न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत चित्रांचा एक प्रचंड संग्रह होता. त्याच्या प्रमुख रोमाना जाविट्झ यांचा अनुभव असा, की कापडावर, भांड्यांवर नक्षी काढणारे लोक येऊन अमेरिकन नमुने मागत आणि दाखवायला मिळत ते युरोपचे. त्यांनी आणि रूथ रीव्हज या वस्त्ररचनाकार बाईंनी मिळून कल्पना मांडली: या चित्रकारांना देशभरच्या जुन्या वस्तूंसमोर बसवा आणि जसं दिसतं तसं रंगवून घ्या. १९४२ पर्यंत सुमारे १८,००० जलरंगचित्रं तयार झाली. आज ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत.

कॅमेरे होते की तेव्हा, असं कुणीही म्हणेल. होते, पण रंगीत फोटो महाग, बेभरवशाचा, आणि रंग टिकेल याची खात्री नाही. म्हणून पद्धत घेतली ती इजिप्तच्या थडग्यांतल्या वस्तूंची हुबेहूब चित्रं काढणाऱ्या बॉस्टनच्या मंडळींकडून. पातळ रंगाचा एक हात, तो वाळला की दुसरा, मग तिसरा. एकेका चित्राला आठवडेच्या आठवडे. क्रिस्टेनसेन यांनी १९५० साली या चित्रांतून निवड करून पुस्तक काढलं, ते माझ्याकडे आहे. एका शाळेच्या लायब्ररीचा 'रद्द' असा शिक्का बसलेलं. अशा चित्रांपैकी रंगवलेल्या पत्र्याची कॉफीची किटली मी किती वेळा बघितली असेन, गणती नाही. काळ्या रोगणावर लाल फळं, पिवळी पानं. तोटीच्या टोकाशी रोगणाचा टवका उडालेला, खालचा पत्रा दिसतोय, आणि चित्रकाराने तो टवकाही तेवढ्याच मन लावून रंगवलाय जेवढं फळ. मुठीजवळचा काळा रंग जरा विटका आहे, कारण तिथं हात लागायचा. दोनशे वर्षांमागे कुणीतरी केलेली किटली आणि तिच्यासमोर महिनाभर बसलेला, आठवड्याच्या वीस-पंचवीस डॉलरवर घर चालवणारा माणूस. मला वाटायचं, वस्तूला द्यायचा मान याहून वेगळा काय असतो?

रूथ रीव्हज बाईंबद्दल थोडं विषयांतर करतो. आवरता येत नाही. या बाई १९५६ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आल्या आणि इथंच रमल्या. हस्तकला मंडळाबरोबर काम केलं, आणि मेणाच्या नमुन्यावर माती लिंपून, मेण वितळवून, त्या जागी धातू ओतण्याच्या आपल्याकडच्या पद्धतींवर एक पुस्तक लिहिलं. दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियमने ते १९६२ साली काढलं. १९६६ मध्ये त्या दिल्लीतच वारल्या. अमेरिकेतल्या किटल्या-खुर्च्यांची नोंद सुरू करणारी बाई शेवटी आपल्या ओतारींच्या भट्टीपाशी बसली, याचा मला उगाचच आनंद होतो. पण लक्षात राहिलं ते वेगळंच. इंडेक्स होता वस्तूंचा. भारतातल्या पुस्तकाच्या नावात मात्र मूर्ती नाही, भांडं नाही, ओतणं आहे. बाईंनी मधल्या वीस वर्षांत नामाकडून क्रियापदाकडे प्रवास केला असावा. हे मी तेव्हा नुसतं टिपून ठेवलं, त्याचा अर्थ लावला नाही.

आता दुसरा गठ्ठा, आणि माझा जुना वैरी. अल्बर्ट सॅक यांचं 'फाइन पॉइंट्स ऑफ फर्निचर' हे पुस्तक १९५० सालचं, म्हणजे क्रिस्टेनसेनच्या पुस्तकाच्याच वर्षीचं. या धंद्यातले लोक त्याला पुस्तकाच्या नावाने ओळखतच नाहीत. 'गुड, बेटर, बेस्ट' म्हणतात. कारण पानापानावर तेच आहे. एकाच जातीच्या वस्तूंचे फोटो शेजारी शेजारी: हे टेबल चांगलं, ते अधिक चांगलं, आणि ते पलीकडचं सर्वोत्तम. तेवढ्यानेही भागेना म्हणून १९९३ च्या नव्या आवृत्तीत वर आणखी दोन पायऱ्या चढवल्या.

या पुस्तकाचा मला येणारा राग बरीच वर्षं ताजा होता. अरे, दोनशे वर्षांपूर्वी कनेटिकटमधल्या कुठल्याशा सुताराने एका शेतकऱ्याच्या घरासाठी कपाट केलं. त्या घरात मुलं जन्मली, माणसं गेली, खणांत बटाट्यांच्या बियाण्यापासून मृत्युपत्रापर्यंत काय काय राहिलं. आणि आता न्यूयॉर्कच्या दुकानातला एक गृहस्थ येऊन म्हणतो, पाय जरा बुटके आहेत, मार्क कमी. हे प्रगतिपुस्तक कुणी मागितलं होतं? शिवाय हा परीक्षकही तटस्थ नव्हे. सॅक घराण्याचं दुकान. हेन्री फोर्ड आणि विंटरथरचे दू पाँ यांच्यासारखी बडी गिऱ्हाइकं. 'सर्वोत्तम' हा शब्द छापला की त्या जातीच्या वस्तूचा भाव चढणार, आणि वस्तू कुणाकडे असणार? निवाडा देणाऱ्यानेच कोर्टाबाहेर स्टॉल मांडल्यासारखं झालं हे.

आणि या नजरेचा भरवसा तरी किती? ब्रूस्टर खुर्चीची गोष्ट याच साठी मला आवडते. सतराव्या शतकातली, सगळ्या अंगाने काड्याच काड्या असलेली ही भारदस्त खुर्ची. तिचे अस्सल नमुने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ऱ्होड आयलंडमधल्या आर्मांड लामाँटॅन्य या मूर्तिकाराला कुणा तज्ज्ञाचा ताठा झोंबला म्हणे, आणि त्याने १९६९ साली तशी खुर्ची स्वतः केली, झिजवली, मुरवली आणि हळूच बाजाराच्या वाटेवर सोडून दिली. १९७० मध्ये डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियमने ती ९,००० डॉलरला घेतली. सात वर्षांनी त्याने स्वतःच सांगितलं. पुरावा आधीच पेरून ठेवला होता: सांध्यांच्या आतली, बाहेरून न दिसणारी भोकं त्याने आधुनिक ड्रिलने पाडली होती. क्ष-किरणांखाली धरली की कबुलीजबाब. म्युझियमने ती खुर्ची फेकली नाही हे मला फार आवडलं. नकलेचा धडा म्हणून ठेवली आहे.

म्हणजे मुद्दा माझ्या बाजूने सुटला होता. वहिनींना द्यायचं उत्तरही तयार झालं: वस्तू ताब्यात घेणारे भाव करतात आणि फसतात, आम्ही नुसतं बघतो. हेच लिहायला बसलो होतो. पण मध्ये एका दहा-अकरा वर्षांच्या पोरीने सगळं बिघडवलं.

अमेरिकेत मुलींना भरतकाम शिकवताना सॅम्प्लर करून घेत. कापडाच्या तुकड्यावर मुळाक्षरं, आकडे, एखादा धार्मिक श्लोक, खाली घर, झाड, दोन पक्षी, आणि शेवटी नाव, वय, साल. शेकडो नमुने पुस्तकांत आहेत. त्यातल्या पुष्कळांत एक गंमत दिसते: ओळ संपत आली की अक्षरं दाटीवाटीने उभी राहतात, आणि शेवटचं एखादं अक्षर जागा न उरल्यामुळे ओळीच्या डोक्यावर बसवलेलं असतं. पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन लोकांच्या रंगीत जन्मपत्रिकांवरही हेच. या जागेवर नोंदीची पुस्तकं एकमुखाने विरघळतात. किती निरागस, किती भाबडं, काय गोडवा! मीही विरघळत आलो.

त्या दिवशी खोक्यातून असंच एक पान उघडलं आणि एकदम माझी सातवी 'ब' आठवली. फळ्यावर सुविचार लिहायची पाळी माझी. सुरुवात मोठ्या टपोऱ्या अक्षरांत, आणि 'परमेश्वर'पाशी येईपर्यंत फळा संपला. 'श्व' बारीक, 'र' फळ्याच्या चौकटीवर. बाई म्हणाल्या, "आधी अंदाज घ्यायला काय होतं रे? पूस, परत लिही." पुसलं. परत लिहिलं. कान लाल झाले होते. त्या क्षणी कुणी मागून येऊन 'अहाहा, काय भाबडेपणा' म्हणालं असतं, तर मी खडू फेकून मारला असता.

त्या पोरीला कळलं होतं की चुकलंय. उसवायला वेळ नव्हता, किंवा उसवलं तर कापडाला भोकं दिसली असती, म्हणून तिने अक्षर वर चढवलं. हा तिचा निर्णय होता, नाइलाजाचा का होईना. आणि दोनशे वर्षांनी आम्ही तिच्या चुकीला गोडवा म्हणतो. म्हणजे चुकण्याचा हक्कही काढून घेतला. ज्याचं काहीच चुकू शकत नाही त्याचं काही बरोबरही येऊ शकत नाही.

मग एकेक पान वेगळं दिसायला लागलं. होल्गर केहिल यांनी १९३२ साली न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये अमेरिकन लोककलेचं प्रदर्शन भरवलं, त्याच्या नावातच 'सामान्य माणसाची कला' होतं. पुढे तेच इंडेक्सचेही धुरीण झाले. सामान्य माणूस म्हटलं की नाव लागत नाही, हाताची ओळख लागत नाही. १९७१ साली व्हिटनी म्युझियमने गोधड्या, म्हणजे त्यांच्या क्विल्ट, भिंतीवर टांगल्या, आधुनिक अमूर्त चित्रांसारख्या. बघणारे थक्क झाले, आणि त्यानंतर क्विल्टवरच्या पुस्तकांचा पूर आला. दीड खोकं माझ्याकडेच आहे. गोधडी शिवणाऱ्या कुठल्याही आजीला विचारा, ती आधी टाका बघते, मग अस्तर चाचपते, आणि चित्रासारखी दिसते का हे तिच्या यादीतच नसतं. व्हिटनीत कौतुक झालं ते दुसऱ्या कुणाच्या तरी चित्रासारखं दिसल्याचं.

आणि इंडेक्सची ती निर्मळ नोंद? तिच्याही पोटात निवाडा होताच. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे आदिवासींच्या, वस्तू त्यात मुद्दाम घेतल्या नाहीत. ते मानववंशशास्त्रज्ञांचं काम, असं ठरलं. कुंपण कुठं घालायचं हे ठरवणं हाही निकालच. फक्त सॅकसारखा तोंडावर सांगितलेला नाही.

हॅरिएट पॉवर्स या बाईची गोष्ट मी नेहमी नोंदीच्या बाजूचा साक्षीदार म्हणून वापरायचो. जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेली ही बाई. तिने बायबलमधल्या प्रसंगांची क्विल्ट केली, अकरा चौकटींची. १८८६ च्या एका जत्रेत जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला शिक्षिकेने ती पाहिली आणि विकत मागितली. पॉवर्सने साफ नकार दिला. कुठल्याही किमतीला द्यायची नाही. काही वर्षांनी घरात अडचण आली तेव्हा स्वतः निरोप धाडला. दहा डॉलर सांगितले, स्मिथबाईंकडे पाचच होते, पाचांत दिली. देताना एकेक चौकट समजावून सांगितली, ती स्मिथबाईंनी लिहून घेतली, म्हणून आज आपल्याला ती कळते. नंतरही पॉवर्स आपली क्विल्ट बघायला पुन्हा पुन्हा येत राहिली. ती आता स्मिथसोनियनमध्ये आहे.

नोंद घेतली म्हणून वाचलं, एवढंच मी यातून काढत होतो. पण आधी द्यायची नाही म्हणणारी, मग दहा सांगणारी ती बाई काय करत होती? निवाडाच. काम किती तोलाचं आहे हे तिला ठाऊक होतं, अगदी आकड्यासकट. बाजारात ती हरली, पारखण्यात नाही.

तेव्हा मुकाट्याने सॅकचं पुस्तक वेताच्या खुर्चीवरून नटिंगला हटवून तिथं बसून वाचलं. पूर्वी मी ते चाळत असे, चिडण्यापुरतं. या वेळी फोटोखालच्या ओळी वाचल्या. पायाला वळण कुठून सुरू व्हायला हवं होतं, पाठ किती कललेली असावी, वरचा खण खालच्यापेक्षा उथळ ठेवला की कपाट कसं तोललेलं दिसतं. या लेखकाचा बाप, इझ्रायल सॅक, लिथुएनियाहून बॉस्टनला आला तो सुतार म्हणून, दुकान नंतरचं. जुनं फर्निचर खोलून दुरुस्त करताना जी नजर तयार होते ती पोराकडे आली आहे. तो 'सामान्य माणसाशी' बोलतच नाही. तो सुताराशी बोलतो, बरोबरीने, जसा एक कारागीर दुसऱ्याला म्हणतो, 'हे काय केलंस इथं?'

विंडसर खुर्चीचंच घ्या. बैठक पाइनची, कारण ती मऊ आणि ढुंगणाच्या आकाराची कोरून काढता येते. पाय मेपलचे, कारण चरकावर मेपल कातीव उतरतो. पाठीच्या काड्या हिकरीच्या, करवतीने न कापता रेषेवर चिरलेल्या, म्हणून वाकतात पण मोडत नाहीत. तीन जातींची तीन रंगांची लाकडं एका खुर्चीत, म्हणून वरून रंग, बहुतेक वेळा हिरवा. पुढे विसाव्या शतकात हौशी लोकांनी तो रंग खरवडून काढला, लाकडाचं 'नैसर्गिक सौंदर्य' बघायला. इतके निर्णय घेऊन, काही साधून काही चुकून, जो माणूस खुर्ची करतो त्याला 'छान आहे हो' एवढंच म्हणून पुढे जाणं हा मान कसा? दुकानदाराने बसून बघा म्हटलं, मी बसलो आणि उठलो. बैठक पुढे जरा जास्त उतरती होती. हे मला तेव्हाही जाणवलं होतं. बोललो नाही, जुन्या वस्तूला नावं ठेवणं मला असभ्य वाटलं.

सॅकच्या धंद्याबद्दल मी जे म्हणालो ते मागे घेत नाही. स्टॉल होताच कोर्टाबाहेर.

वहिनी काल परत आल्या. खोकी अर्धी उपसून झाली आहेत, टीपॉय मोकळा आहे. मी त्यांना सॅकचं एक पान दाखवलं, जे मला त्याच आठवड्यात पहिल्यांदा दिसलं होतं; बारा वर्षं पुस्तक घरात असून. तीन खणांची तीन बुटकी टेबलं, आणि सगळ्यात खालच्या पायरीवरच्या, नुसत्याच 'चांगल्या' टेबलाच्या शेजारी, समासात, पुस्तकाच्या कुणा जुन्या मालकाने किंवा मालकिणीने पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलंय. वहिनींनी चष्मा लावला, पुस्तक खिडकीकडे धरलं.

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय, 'आमच्याकडे अस्संच आहे. पायांचं म्हणतो ते खरं.'"